बेसाचा ड्युप्लेक्स की हाताशी पैसा?

ताई, तुमचं वय 34. दोन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचं, निदान झालं, तोही अधूनमधून उसळून पुन्हा ओसरणारा प्रकार. पगार तुमचा 48 हजार, यजमानांचा 62. साठवलेले 18 लाख सगळे घालून, वर 45 लाखांचं कर्ज काढून नागपूरच्या बेसाला ड्युप्लेक्स, म्हणजे दुमजली घर, घ्यायचा विचार आहे. 'पुढचं कोणी पाहिलंय, हौस आत्ताच करून घेऊ,' असं तुम्ही लिहिलंत.

हौस समजते, पण काळजी वाटली ती याच वाक्याची. एमएस असलेली बहुतेक माणसं पुढे कैक वर्षं जगतात, आणि आजची औषधं लवकर सुरू केली तर उसळ्या कमी होतात. खरी भीती मिळकत मधेच आटण्याची आहे. व्हीलचेअर कधी लागलीच नाही, तरी थकव्यामुळे पूर्णवेळ नोकरी सुटू शकते. मग 39 हजारांचा हप्ता एकट्या 62 हजारांतून 20 वर्षं कसा फेडणार?

म्हणून ड्युप्लेक्स घेऊ नका. बेडरूम वर, मधे जिना, डोक्यावर तापलेली स्लॅब. शरीर तापलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती पुन्हा जाणवतात, आणि आपल्या नागपूरचा मे तुम्हाला वेगळा सांगायला नको. कूलर मेमध्ये भागवतो, जुलैच्या दमट हवेत नाही. तेव्हा एसी, इन्व्हर्टर आणि विजेचं बिल औषधाच्या खर्चातच धरा.

लिफ्टचा, 35 लाखांच्या आतला फ्लॅट बघा. सर्वात वरचा मजला टाळा, बाथरूमच्या दाराची रुंदी टेपने मोजा. 28 लाखांच्या कर्जाला हप्ता साधारण 24 हजार पडेल, एका पगारात निभेल. घराचा बाकीचा भाग, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी भागवून उरलेले 8 लाख एफडीत, हात न लावता.

नोकरी घाईने सोडू नका. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आज तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. सोडायची वेळ आलीच, तर आधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करा. कर्जासोबतच्या विम्यात आजार लपवू नका. नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारला जाऊ शकतो.

एमएस 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे. अपंगत्व 40 टक्के प्रमाणित झालं, तर जुन्या करप्रणालीत 75 हजारांची वजावट मिळते.

निदानाआधी घेतलेली क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे गंभीर आजार झाला की एकरकमी पैसे देणारा विमा, कपाटात आहे का, आज रात्रीच बघा. त्यात एमएस बहुधा असतो, अट लक्षणं सलग सहा महिने राहिल्याची. बिल्डरला टोकन त्यानंतरच.