ड्रिल टॉर्पेडो खडकात शिरल्यावर वाकडा होतोय? आधी त्याची जाडी बघ

भाऊ, तुझी पोस्ट वाचली आणि मागचा अख्खा पावसाळा डोळ्यासमोर आला. स्पेस इंजिनिअर्स या ठोकळे जोडून जहाजं बांधायच्या गेममध्ये ड्रिल लावलेला टॉर्पेडो (मोठ्या जहाजावरून सोडायचं छोटं यान) मर्ज ब्लॉकवरून, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या ठोकळ्यावरून, सुटतो, लघुग्रहात 5-6 मीटर सरळ जातो आणि मग शेपूट एका बाजूला टाकून अडकतो, बरोबर? माझंही सेम हेच होत होतं. बॅटरी, टायमर तू नीट लावलेले दिसतायत, त्यात जात नाही.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे मी खऱ्या जगाचा हिशोब लावला. वाटलं, थ्रस्टर (यान ढकलणारी इंजिनं) मधोमध नाहीत म्हणून वाकतोय. बाहेर रत्नागिरीचा धो धो पाऊस आणि मी रोज रात्री थ्रस्टर एक घर इकडे, एक घर तिकडे, असं तीन आठवडे केलं. एकाने सांगितलं जायरो (यान वळवणारा ठोकळा) वाढव, तर 11 लावले. काडीचा फरक नाही, कारण या गेममध्ये एकाच ग्रिडवरचा, म्हणजे एकसंध जोडलेल्या ठोकळ्यांवरचा, थ्रस्टर कुठेही बसवा, त्याचा जोर थेट वस्तुमान केंद्रावरच लागतो, आणि जायरोही कुठेही ठेवला तरी काम तेवढंच करतो. हलत्या पिस्टन-रोटरवरच्या थ्रस्टरचं वेगळं असतं, त्या वाटेला जाऊच नको. त्यात रात्री लाईट जायची, सेव्ह न केलेलं सगळं जायचं, तक्रारीला फोन केला की "नोंद घेतली" एवढंच ऐकायला मिळायचं आणि सकाळपर्यंत अंधार. आजही आठवलं की राग येतो. तूही कोकणातला असशील तर प्रत्येक बदलानंतर ब्लूप्रिंट (यानाचा आराखडा) सेव्ह कर, खरंच कर.

शेवटी नाद सोडला होता. मग मे महिन्यात शेजारच्या वाडीत बोअर मारायची गाडी आली. बदलायला काढलेला बिट (खडक फोडणारं टोक) तिथे जांभ्याच्या लाल मातीत पडला होता, तोंडावर टपोरी बटणं, आणि त्याच्या मागे बसून ठोके देणाऱ्या हॅमरपेक्षा थोडा रुंद. ऑपरेटर म्हणाला, हा झिजून हॅमरएवढा झाला की सगळं आतच अडकतं. मी तडक घरी येऊन टॉर्पेडो समोरून बघितला तर बाजूच्या दोन बॅटऱ्या ड्रिलच्या बाहेर आलेल्या! ड्रिल जेवढं भोक पाडतं ते त्याच्यापेक्षा थोडंच मोठं, त्यामुळे बॅटरीचा कोपरा भिंतीला घासायचा आणि तोच धक्का शेपूट फिरवायचा.

तर समोरून बघितल्यावर ड्रिलच्या आडून काहीही बाहेर दिसता कामा नये. मग दोनच जायरो, ओव्हरराइड (किती वळायचं ते आपण ठरवून देणं) चालू आणि तिन्ही अक्ष शून्यावर. पण हे टॉर्पेडो जोडलेला असताना करू नको, नाहीतर तेच जायरो तुझं मोठं जहाज वळू देणार नाहीत, सुटल्यावर टायमरने चालू कर. आणि वेग, कृपा करून कमी ठेव. गेमची मर्यादा सेकंदाला 100 मीटर आहे म्हणून तेवढा पळवायचा नसतो, ड्रिल जेवढं खातं त्याच्यापेक्षा जोरात गेलास की ते सरळ आदळणंच. थ्रस्टर ओव्हरराइड अगदी थोडा आणि खडकाच्या जवळ नेऊन सोड. आत जाताना ड्रिलमध्ये दगड भरतो, वजन वाढतं, त्यामुळे मध्येच मंदावला तर घाबरू नको.

मी हे मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेली भर) न लावता, स्मॉल ग्रिडवरच, म्हणजे लहान आकाराच्या ठोकळ्यांवर, केलंय. लार्ज ग्रिडला हेच आकडे चालतील असं म्हणत नाही. तुझ्या टॉर्पेडोचा अगदी समोरून एक स्क्रीनशॉट टाक, बघून सांगतो कुठला ब्लॉक बाहेर येतोय ते.