जँगो २.२ वरून ५.२ : थेट उडी नको

प्रश्न : आमच्या वाचनालयाचं वर्गणीचं ॲप जँगो (पायथन भाषेतली वेब-ॲप बनवायची चौकट) २.२ वर आहे. एकदम ५.२ वर नेऊ का? काम बंद ठेवता येत नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : नका नेऊ. आधी ३.२, मग ४.२, मग ५.२. ३.२ वर जुना कोड बहुतेक चालतो, फक्त कुरकुरतो. टेस्ट चालवताना पायथनचे सगळे इशारे दिसू द्या. कंटाळवाणी यादी असते, पण मी ती ओळ न् ओळ वाचतो. राउटिंगमधलं (कुठला वेब-पत्ता कुठल्या कोडकडे जाईल, हे ठरवणारा भाग) जुनं ‘यूआरएल’ काढून ‘पाथ’ किंवा ‘री-पाथ’ घाला, ४.० मध्ये ते गायबच झालंय. एकेक बदल लगेच लाइव्ह करा. मात्र ३.२ वर रेंगाळू नका, त्याचा सपोर्ट एप्रिल २०२४ मध्येच संपला. आणि ४.२ वर गेल्यावर फॉर्म सीएसआरएफवर (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बनावट विनंत्या रोखणारी तपासणी) अडला, तर सेटिंगमधल्या विश्वासू पत्त्यांआधी ‘एचटीटीपीएस://’ लिहिलंय का, ते पाहा.