सुखोईच्या कॅनॉपीवर आतून आलेला पांढरा थर

आपण लिहिले आहे की सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाच्या १/७२ मापाच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकांच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण, रात्री चिकटवली आणि सकाळी ती आतून पांढुरकी झालेली दिसली. हे वाचून मला लातूरच्या घरातील एक मे महिना आठवला. भाग कापणे, घासणे, सांधे भरणे यांविषयी लिहीत नाही. ते आपल्याला येतच असणार.

दोष रंगाचा नसून बहुधा गोंदाचा आहे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची, म्हणजे सायनोॲक्रिलेटची, वाफ हवेतील ओलाव्यामुळे जवळच्या पृष्ठभागावर घट्ट होऊन बसते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा म्हणून मी निर्धास्त होतो. पण दारे-खिडक्या लावून रात्रभर कूलर चालू ठेवला आहे, हे ध्यानातच आले नाही. त्यात कॉकपिट बंद, त्यामुळे वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती. सकाळी पाहतो तो मागच्या आसनाच्या वर, आतल्या बाजूला, माझ्याच अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटलेला! गुन्ह्याच्या तपासात ठसे उमटवण्यासाठी हीच वाफ वापरतात, हे नंतर कळले. वैमानिकांच्या दोन्ही के-३६ आसनांचे पट्टे रंगवण्यात घालवलेले पंधरा दिवस त्या थराआड गेले.

सुटी कॅनॉपी मिळावी म्हणून किट जिथून मागवले होते तिथे तीनदा लिहिले. दोनदा उत्तरच नाही. तिसऱ्यांदा ‘नवा डबा घ्या’ एवढेच. बोटभर तुकड्यासाठी अख्खे विमान विकत घ्यायला सांगणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

थर आतून असल्याने कॅनॉपी काढावीच लागेल. सांध्यात पातळ पाते हळूहळू सरकवावे, ओढू नये; मी ओढली आणि तडा गेला. मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासावे व शेवटी टूथपेस्टने चकाकी आणावी. नेलपॉलिश काढण्याचे द्रव मात्र लावू नये, त्यातील ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळते. मी केवळ हौशी माणूस आहे आणि आपले किट मी हाताळलेले नाही, म्हणून पारदर्शक भाग ज्या चौकटीतून कापून काढले, तिच्या उरलेल्या तुकड्यावर आधी करून पाहावे.

पुन्हा बसवताना सुतारकामाचा पांढरा गोंद काडीच्या टोकाने लावावा. तो सुकल्यावर दिसत नाही आणि सांडलेला ओल्या कापसाने पुसता येतो. त्याची पकड कच्ची असते असे काही जण म्हणतात, पण कॅनॉपीला कोणता भार पेलायचा असतो? मी तडा गेलेलीच कॅनॉपी त्या गोंदाने बसवली. ती अजून पक्की आहे, फक्त विमानाची ती बाजू भिंतीकडे असते.