भाता: बाणांचा, लोहाराचा, पेटीचा

कुडाळच्या एका वाचकाने विचारलं आहे: भजनाची पेटी शिकताना बुवा सारखे 'भाता हलका मार' म्हणतात. हा भाता आणि बाणांचा भाता एकच शब्द का? आणि चुलीपाशी असते त्या फुंकणीलाही भाता म्हणायचं का?

शब्द एकच. मूळ संस्कृत 'भस्त्रा', म्हणजे चामड्याची पिशवी. हस्त-हत्थ-हात या वाटेनेच भस्त्राचा भाता झाला. एका पिशवीत बाण ठेवले, दुसरीत वारा भरला. भस्त्रिका प्राणायामाचं नावही त्यातलंच.

फुंकणीला मात्र भाता म्हणू नये. ती नुसती नळी, वारा आपल्या तोंडचा. भात्याला स्वतःचं पोट असतं. लोहाराचा भाता उघडला की फळीच्या भोकावरची झडप आत उचलली जाऊन हवा शिरते. दाबला की तीच झडप भोकावर घट्ट बसते आणि हवेला नळीतून भट्टीत जाण्यावाचून वाट राहत नाही. आता विळे-कोयते करणाऱ्यांकडेही बहुतेक ठिकाणी फिरता पंखा आला आहे. त्याला पंखाच म्हणावं, कारण तिथे पोट फुगत नाही, पातं फिरतं.

पेटीत तर दोन भाते असतात. मागचा आपण हाताने मारतो. आतला दिसत नाही, पण खरी करामत त्याची. मागच्याने भरलेली हवा त्यात साठते आणि स्प्रिंगा ती एकसारख्या दाबाने सुरांकडे ढकलतात, म्हणून हात मागे येतानाही सूर तुटत नाही. जोरात धसके दिले तर हा दाब बिघडतो आणि सूर हेलकावतो. बुवा सांगतात ते यासाठीच. दशावतारातल्या पायपेटीत भात्याचं काम पायांकडे जातं आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात.

दम लागलेल्या माणसाची छाती 'भात्यासारखी' खालीवर होते, तीही लोहाराच्याच भात्यासारखी.

लिहिताना एक जपावं, कोकणात तर विशेषच. 'भाताला' म्हटलं की शेतातलं भात किंवा ताटातला भात. पेटीच्या भोक पडलेल्या 'भात्याला' चामडं लावायचं. अनेकवचन भाते.