४८९५ म्हणजे बंदुकीची नेमकी कुठली दारू?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिथं त्याला रायफल नेमबाजीचा नाद लागलाय. .३०८ या मापाच्या रायफलची काडतुसं तो घरीच भरतो, तिकडं कायद्यानं ते चालतं. आजवर तो व्हार्गेट नावाची दारू वापरायचा, ती सध्या मिळेना झालीय. दुकानदारानं आयएमआर ४८९५ चा डबा दिला. काडतुसात दारू किती भरायची, त्या भावाकडच्या तक्त्यात मात्र एच ४८९५ चं माप आहे. नंबर तोच आहे, मग तेच माप चालेल का? उरलेली व्हार्गेट त्यात मिसळून संपवली तर? आणि दिवाळीला येताना वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीसाठी थोडी दारू आणू का, असंही तो विचारतोय. वडिलांकडं शेतीसंरक्षणाचा परवाना आहे.
— एक वाचक, गारगोटी

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात तुमच्या वडिलांच्या जिवाचा सवाल आहे. भावाला आजच फोन करा आणि सांगा, चमचाभरसुद्धा आणायची नाही.

ठासणीच्या बंदुकीत जाते ती काळी दारू. सोरा, गंधक आणि कोळशाची. तुमच्या भावाच्या डब्यातली दारू नायट्रोसेल्युलोजची, बिनधुराची. काळ्या दारूचं माप डोळ्यांसमोर ठेवून कुणी ही भरली, तर जो दाब तयार होईल तो त्या नळीला पेलणारा नाही. नळी फाटते, नाहीतर नळीचं मागचं तोंड बंद करणारी बुडी सुटते, आणि तिच्यामागं माणसाचा चेहरा असतो. मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, आता कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर पोरांच्या रायफली बघतो. फाटलेल्या नळीच्या कडा केळीच्या सालीसारख्या बाहेर वळलेल्या असतात. ती नळी एकदा हातात घेतलेला माणूस असला प्रयोग कुणाला करू देत नाही. शिवाय विमानाच्या सामानातून दारू आणायला बंदी आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. वडिलांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. त्यांनी परवान्यावर मिळते तीच दारू वापरावी, दुसरी नको.

आता भावाचं. टंचाई खरीच आहे. नायट्रोसेल्युलोज बनतं कापसाच्या सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून तोफगोळ्यांना हाच माल प्रचंड लागतोय, आणि छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्याचा नंबर साहजिकच मागं जातो. त्यामुळं पर्यायी दारू शोधण्यात त्याचं काही चुकलेलं नाही. .३०८ साठी ४८९५ हा चांगला पर्याय आहे. घोळ आहे तो तक्त्यात.

४८९५ हा मूळचा अमेरिकन फौजेच्या रायफलच्या दारूचा नंबर. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी फौजेकडं शिल्लक राहिलेली ही दारू विकत घेऊन नेमबाजांना विकली आणि त्यातूनच त्यांची कंपनी उभी राहिली. तो साठा संपल्यावर त्याच नंबरानं नवी दारू आली, ती एच, म्हणजे हॉजडनची, ४८९५. आज ती ऑस्ट्रेलियात मुलवाला इथल्या कारखान्यात तयार होते. आयएमआर ४८९५ ही मात्र मूळ ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातली. २००३ पासून आयएमआरचा धंदाही हॉजडनकडंच आहे, म्हणजे दोन्ही डबे एकाच कंपनीचे आणि नंबरही एकच. नवशिक्याचा गोंधळ होणारच. पण दोन्हींच्या जळण्याचा वेग सारखा नाही, आणि कंपनी दोन्हींची मापं वेगवेगळी छापते. एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. ४३५० आणि ४८३१ या नंबरांतही एच आणि आयएमआर असे दारूचे दोन-दोन प्रकार आहेत, तिथंही हाच नियम.

दुकानात जळण्याच्या वेगाचा तक्ता लावलेला असतो. त्यात वर-खाली शेजारी असलेले दारूचे प्रकार म्हणजे जुळ्या बहिणी नव्हेत. तो फक्त क्रम आहे. अंतर किती, ते त्यात कळत नाही. त्यावरून माप काढू नये.

मग करायचं काय? कंपनीच्या चालू तक्त्यात आयएमआर ४८९५ हे पूर्ण नाव, .३०८ आणि भावाच्याच वजनाची गोळी, असं माप शोधायचं. सुरुवात तिथं छापलेल्या सर्वांत कमी मापापासून. व्हार्गेटनं बसवलेलं जुनं माप विसरून जायचं, रायफल नवीन असल्यासारखं पहिल्यापासून चढत जायचं. पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी कवचं, फौजी असतील तर जास्तच जपून, कारण त्यांचा पत्रा बहुधा जाड असतो, आत जागा कमी राहते आणि तेवढ्याच दारूनं दाब वाढतो. दारू वजनानंच मोजावी. तक्त्यातलं माप ग्रेनमध्ये असतं आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, तेव्हा काटा आधी प्रमाणित वजन ठेवून तपासावा. काट्याजवळ पंखा सुरू नसावा.

प्रत्येक पायरीला काही गोळ्या झाडून रिकामी पुंगळी उजेडात धरून बघायची. बुडातल्या प्रायमरची, म्हणजे पिन आदळल्यावर पेटणाऱ्या टोपीची, कड चांगली गोल असते. दाब चढला की ती सपाट होऊन खाचेच्या भिंतीला भिडते, आणि पिन आदळलेल्या खळग्याभोवती कंगोरा उठतो. बुडावर इजेक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा, चकचकीत ठसा दिसला किंवा रायफलचा मागचा बोल्ट उचलायला जड गेला, तर तिथंच थांबायचं, तक्त्यात वर अजून जागा दिसत असली तरी. गोळीचा वेग मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. पुस्तकातला कमाल वेग कमी दारूतच आला, तर दाबही तिथवर पोचला असं समजावं. माझं मत विचाराल तर अचूकता बहुतेक वेळा कमाल मापाच्या बऱ्याच खाली सापडते, तेव्हा वर जायची घाई कशाला?

मिसळायचं तर अजिबात नाही. दोन प्रकारच्या दारूच्या मिश्रणाचं माप जगात कुठल्याच पुस्तकात नसतं. व्हार्गेट तिच्या मूळ डब्यातच ठेवावी. उन्हाळ्यात-हिवाळ्यात तिनं मिळणारा गोळीचा वेग फारसा हलत नाही, हा तिचा मोठा गुण, म्हणून ती स्पर्धेसाठी राखावी आणि सरावाला ४८९५ वापरावी. भरताना टेबलावर एका वेळी एकच डबा असू दे, आणि काडतुसांच्या खोक्यावर दारूचं पूर्ण नाव, माप आणि तारीख लिहून चिकटवावी. दारू बदलली की गोळी लागायची जागाही सरकते, तेव्हा दुर्बिणीचं झीरो, म्हणजे नेम आणि गोळीची जागा जुळवणं, पुन्हा करून घ्यायला सांगा.