विरारहून रोज नोकरीला येते, पंधरा वर्षं सॉफ्ट लेन्स लावते. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, धूसर होईल का?

नुसत्या वर्षांनी नाही. लेन्सखाली कॉर्नियाचा श्वास रोज किती कोंडतो, त्यावर ते ठरतं. मी दादरला ऑप्टोमेट्रिस्ट आहे, असे डोळे रोज तपासते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ असतो. प्राणवायू तो मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत घेतो. जुन्या हायड्रोजेल (पाणी धरणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या) लेन्समधून हा प्राणवायू कमी पोचतो. मग कॉर्नियाला सूज येते, दिव्याभोवती वलयं दिसतात आणि पुढे काठावरून बारीक लाल वाहिन्या आत सरकतात. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्पष्ट दिसतात. लेन्स थांबवल्यावर सूज उतरते, वाहिन्यांतलं रक्त आटतं, पण रिकाम्या रेषा मागे राहू शकतात. तेव्हा प्राणवायू जास्त पोचवणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स घ्या, घरी पोचताच चष्मा लावा. परतीच्या लोकलमध्ये डुलकी लागत असेल तर ऑफिसातच लेन्स काढा. मात्र धूसरतेबरोबर डोळा लाल, दुखरा असेल, उजेड सोसवत नसेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो: लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. आणि डबी नळाच्या पाण्याने धुऊ नका, कृपा करून. त्यातल्या अकँथामिबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग कॉर्नियावर कायमचा डाग ठेवू शकतो.