‘मला चित्र काढता येत नाही हो, मॅडम’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की, समोरचा माणूस खुर्चीत कसा सावरून बसला यावरूनच ते येणार हे मला कळतं. मन मोकळं करायला हाताने काहीतरी, कागदाचे तुकडे कापून-चिकटवून एखादं कोलाज, करून बघू या, एवढंच समुपदेशक म्हणून मी सुचवलेलं असतं. लगेच उत्तर येतं, ‘चित्रकला माझा प्रांतच नाही’, नाहीतर ‘एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले होते, तिथेच संपलं’. मग थोड्या वेळाने, आवाज खाली करून, खरी काळजी बाहेर येते: ‘आत खूप साठलंय, पण सांगायला बसलं की शब्दच सापडत नाहीत. माझ्यात काही कमी आहे का?’

नाही. काहीही कमी नाही. हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते मालतीताईंच्या निमित्ताने सांगते. नाव अर्थातच बदललं आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. लिहायची परवानगी त्यांनी आनंदाने दिली.

मालतीताई ५४ वर्षांच्या. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचं सगळं मालतीताईंनी केलं. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. घरात कुणाशी भांडण नाही, पैशाची चणचण नाही. तरी पहाटे साडेपाचला, पहिल्या गोळीच्या वेळेला, अजून जाग यायची आणि मग छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं. पहिल्या दोन भेटींत त्या मला फक्त इतरांबद्दल सांगत राहिल्या. स्वतःबद्दल विचारलं की ‘माझं काय, ठीक आहे’ म्हणून पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या.

तिसऱ्या भेटीत मी टेबलावर जुने दिवाळी अंक, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, चार लग्नपत्रिका, कात्री आणि फेविकॉलची डबी ठेवली.

‘विषय काय घ्यायचा?’ त्यांनी विचारलं.

‘विषय नाही. जे हाताला थांबवेल ते कापा.’

‘आणि नीट नाही आलं तर?’

‘नीट म्हणजे कुणासारखं?’

त्या हसल्या, पण कात्री अगदी जपून चालवली. पाऊण तासाने कागदावर झेंडूची फुलं, गणपती, एक नथ घातलेली मुलगी आणि पुरणपोळीचं ताट, सगळं ओळीत, समान अंतरावर. रुखवतात मांडावं तसं. मी फक्त एवढंच विचारलं, ‘यात मालतीताई कुठे आहेत?’

त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘मी? मी कात्री धरलीय ना.’

हे उत्तर मी त्या दिवशी घरी घेऊन गेले. सहा वर्षांचं आयुष्य चार शब्दांत आलं होतं, आणि ते सांगताना त्यांना ते कळलंही नव्हतं.

इथे थोडं थांबून कोलाजबद्दल सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज बरेच. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ नुसता ‘चिकटवणे’. आपली शाळेतली चिकटवही आठवा. किंवा आजीची गोधडी, जिच्यात कुणाचं लुगडं, कुणाचा सदरा, कुणाचं परकर-पोलकं शेजारी शेजारी येतं आणि पांघरताना आपण बोट ठेवून सांगतो, ‘हा तुकडा माईंचा’. आपल्या बायका हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत, त्याला कला म्हणण्याची पद्धत नव्हती एवढंच. पॅरिसमध्ये १९१२ साली पिकासोने एका स्थिरचित्रात वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीभोवती खरा दोर गुंडाळला. वेत हाताने रंगवायची त्याला गरज वाटली नाही. काढता येण्याची अट तिथेच गळून पडली, असं मी माणसांना सांगते. आणि ‘आता या वयात?’ असं कुणी म्हणालं तर मेरी डेलनी यांची गोष्ट सांगते. अठराव्या शतकातल्या या इंग्रज बाई. पती गेल्यानंतर काही वर्षांनी, ७२व्या वर्षी, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून त्यांनी फुलं करायला घेतली. नजर साथ देईनाशी होईपर्यंत, दहाएक वर्षांत, त्यांनी हजाराच्या आसपास फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

तर, मालतीताई. पुढच्या दोन भेटी कोरड्या गेल्या, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सहाव्या भेटीला मी म्हटलं, ‘या वेळी माझी रद्दी नको. घरातलं काहीतरी आणा, जे टाकवत नाही आणि ठेवून उपयोगही नाही.’

त्यांनी कापडी पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. रबरबँड लावलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि एक दोनशेपानी वही. वहीत रोजच्या औषधांच्या वेळा, साखरेचे आकडे, कधी ताप, कधी ‘आज अर्धी पोळी खाल्ली’. निळ्या शाईत, एकही दिवस न चुकवता. ‘शेवटची वही आहे. आधीच्या ह्यांनी रद्दीत दिल्या,’ त्या म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. त्यांनी वहीतलं एक पान काढायला हात घातला आणि थांबल्या. कात्री उचलली, परत ठेवली. मग पान हाताने फाडलं. कॅलेंडरवरचा समुद्रही त्यांनी हातानेच फाडला. गुळगुळीत छापील कागद फाडला की एका कडेला आतला पांढरा कागद उघडा पडतो. निळ्या पाण्याला ती पांढरी, खडबडीत किनार आली. त्या किनारीवरून त्यांनी अंगठा फिरवला. ‘हे बरं दिसतंय,’ असं पहिल्यांदाच, न विचारता, म्हणाल्या.

वहीचं पान मधोमध बसलं. पट्ट्यांच्या मागचा चंदेरी कागद सोलून त्याचे चौकोन वेळांच्या आकड्यांवर आले. समुद्र मात्र त्या पानाच्या कधी उजवीकडे ठेवत, कधी वर, कधी पार कोपऱ्यात. दहा मिनिटं तरी हे चाललं. शेवटी त्यांनी पान उचललं आणि समुद्र त्याच्या खाली सरकवला. खालच्या अंगाने निळ्याची बोटभर पट्टी तेवढी दिसत राहिली.

‘खाली?’ मी विचारलं.

‘हो. खालीच होता तो.’ मग, माझ्याकडे न बघता, ‘त्या गेल्या त्या दिवशी मला बरं वाटलं, मॅडम. रडू येत होतं आणि बरं वाटत होतं. सगळे म्हणतात, सुटलीस बाई. मी सुटलेच की. पण हे तोंडाने कसं बोलायचं?’

त्या रडल्या. पुष्कळ रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि बसून राहिले.

मला जे उमगलं ते त्या संध्याकाळी उमगलं. बोलताना एक वाक्य आधी येतं, दुसरं नंतर, आणि मध्ये ‘पण’ लागतो. ‘मी प्रेमाने केलं, पण थकले होते.’ ‘सुटले, पण आठवण येते.’ त्या ‘पण’ने नेहमी एकाला खोटं पाडलं जातं, आणि बोलणाऱ्याला ते आधीच जाणवत असल्यामुळे जीभ अडते. कागदावर ‘पण’ लागत नाही. वही आणि समुद्र एकाच जागी, एकावर एक राहू शकतात; दोन्ही खरे. ज्यांना आपण ‘व्यक्त होत नाहीत’ म्हणतो त्यांच्यातल्या कितीतरी जणांची अडचण शब्दांची नसतेच. त्यांच्या मनात एका वेळी दोन गोष्टी असतात आणि त्यातली एक निवडायची त्यांची तयारी नसते. इतकी वर्षं मी हे काम करते आहे, तरी हे इतक्या स्पष्टपणे मला कोणत्याही पुस्तकाने दाखवलं नव्हतं.

माझी जडणघडण मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर झाली. माणसाला निवाडा न करता ऐकलं की त्याची वाट त्याला सापडते, यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास आहे. त्यांच्या कन्या नॅटली रॉजर्स यांनी हेच रंग, माती, हालचाल यांच्यापर्यंत नेलं. म्हणून मी कुणाच्याही कोलाजचा अर्थ सांगत नाही, आणि तुम्हीही घरच्यांना सांगू देऊ नका. ‘अगं, काळं का लावलंस, एवढी निराश आहेस?’ असं एकदा कुणी म्हणालं की पुढच्या वेळी हात आपोआप झेंडूच्या फुलांकडे वळतो. दाखवायचंच असेल तर अशा माणसाला दाखवा, जो नुसतं ‘याबद्दल सांग ना’ म्हणेल.

घरी करून बघायचं असेल तर कागद लहान घ्या, वहीच्या पानाएवढा पुरे. मागे लग्नपत्रिकेचा जाड कागद लावला तर फेविकॉलने पान वळत नाही. मोबाइलवर सुंदर कोलाज बघून सुरुवात करू नका. मनात हवं ते घर, गाडी, परदेश असं चिकटवून भिंतीवर लावायची पद्धत आहे, ती वेगळी; ती उद्याबद्दल असते आणि मला इथे आज हवा आहे. एसटीचं तिकीट, साडीच्या खोक्यावरचं लेबल, किराण्याची यादी, हे मासिकातल्या चित्रांपेक्षा जास्त बोलतं. गेलेल्या माणसाचा फोटो वापरायचा असेल तर आधी झेरॉक्स काढा; मूळ फोटो कापून नंतर जिवाला लागलेलं मी पाहिलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लगेच चिकटवू नका. तुकडे नुसते मांडा, रात्रभर तसेच राहू द्या, पंखा तेवढा बंद ठेवा. सकाळी एखादा तुकडा हलवावासा वाटतो, तिथे बघण्यासारखं काही असतं. कापून खाली पडलेलंही झाडून टाकण्याआधी एकदा बघा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, किंवा जगणं नको असं वाटत असेल, तर कात्री आणि फेविकॉलवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. कोलाज सोबत चालू ठेवता येतं, औषधाच्या जागी नाही.

मालतीताई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा साडेपाचची जाग गेली नव्हती. जाग आली की आता त्या चहा टाकतात आणि गॅलरीत बसतात, असं म्हणाल्या. ती वही पिशवीत होतीच. मी विचारलं, ‘आता हिचं काय करणार?’

त्यांनी ती शेवटून उघडून माझ्यासमोर ठेवली. सासूबाई गेल्यानंतरची पानं कोरी राहिली होती. त्यातल्या पहिल्यावर दुधाच्या पिशवीची कापलेली निळी कड आणि भाजीच्या पावतीचा तुकडा चिकटवलेला होता, किंचित तिरका. फेविकॉल अजून ओला होता, म्हणून त्यांनी वही मिटली नाही, तशीच उघडी हातात धरून रिक्षात बसल्या.